अंदाज सांगण्याचे धैर्य

जलोदराने पोट फुगलेला, डोळे हळदीसारखे पिवळे पडलेला आणि मधूनच असंबद्ध बोलणारा रुग्ण रुग्णालयात दाखल झाला, की त्याचे नातेवाईक डॉक्टरांना व्हरांड्यात गाठून एकच प्रश्न विचारतात : यातून माणूस उठेल काय? या प्रश्नाला आपल्याकडे बहुधा उत्तर मिळत नाही. 'उपचार चालू आहेत', 'चोवीस तास थांबा', 'शक्य ते सारे करीत आहोत' अशी वाक्ये मिळतात. ती खोटी नसतात. पण ती उत्तरेही नसतात. वस्तुतः याच प्रश्नाचे बऱ्यापैकी नेमके उत्तर देण्याची साधने वैद्यकशास्त्राने गेल्या साठ वर्षांत तयार केली आहेत. त्यांना अवाढव्य यंत्रे लागत नाहीत. रक्ताच्या चार-पाच साध्या तपासण्या पुरतात. असे असूनही ते उत्तर रुग्णाच्या कागदांतच अडकून पडते आणि ज्याचे आयुष्य मोजले जात आहे त्याच्या घरापर्यंत पोहोचत नाही.

लिव्हर सिऱ्हॉसिस हा एका दिवसात होणारा आजार नव्हे. दारू, काविळीचे 'ब' आणि 'क' विषाणू, लठ्ठपणा व मधुमेह यांच्याबरोबर येणारी यकृतातील चरबी, यांपैकी कशानेही यकृताच्या पेशी वर्षानुवर्षे मरत राहतात आणि त्यांच्या जागी व्रणाच्या तंतूंचे जाळे विणले जाते. मऊ यकृत टणक आणि गाठाळ होते. त्यातून वाहणाऱ्या रक्ताची वाट अडते, अन्ननलिकेतील शिरा फुगतात, पोटात पाणी साठते, आणि यकृताने गाळावयाची विषारी द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचतात. यकृत हे मोठे सोशिक इंद्रिय आहे. बराच काळ ते तक्रार करीत नाही. म्हणूनच या रोगाचे दोन काळ मानले जातात. तक्रार सुरू होण्यापूर्वीच्या काळातील रुग्णांपैकी निम्मे बारा वर्षांहून अधिक जगतात. पोटात पाणी, रक्ताची उलटी किंवा भ्रम यांपैकी काही सुरू झाले, की हाच आकडा सुमारे दोन वर्षांवर येतो. रुग्णालयातील खाटेवर जो रुग्ण दिसतो तो बहुतेक वेळा ही सीमा ओलांडून आलेला असतो. त्याच्या बाबतीत प्रश्न वर्षांचा नसून आठवड्यांचा असतो.

हा अंदाज बांधण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न शल्यचिकित्सकांनी केला. मिशिगन विद्यापीठातील चाइल्ड आणि टर्कॉट यांनी १९६४ साली रुग्णांचे अ, ब, क असे तीन वर्ग पाडले. (चाइल्ड हे त्या शल्यचिकित्सकाचे आडनाव, बालकांशी या पद्धतीचा संबंध नाही.) यकृतातील रक्ताचा दाब कमी करण्यासाठी त्या काळी मोठी शस्त्रक्रिया करीत, आणि ती कोणाला झेपेल हे त्यांना ठरवावयाचे होते. रक्तातील बिलिरुबिन, अल्ब्युमिन, पोटातील पाणी, मेंदूची अवस्था आणि शरीराचे पोषण या पाच गोष्टी त्यांनी पाहिल्या. १९७३ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील प्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोषणाचा निकष काढून टाकला, त्याच्या जागी रक्त साकळण्यास लागणारा वेळ घेतला आणि प्रत्येक निकषाला एक ते तीन गुण देऊन पाच ते पंधरा अशी मोजपट्टी केली. ही मोजपट्टी आजही वापरात आहे. ती खाटेशेजारी उभे राहून बोटांवर करता येते, आणि हेच तिच्या दीर्घायुष्याचे रहस्य होय.

तिचे दोष मात्र उघड होते. पोटातील पाणी 'थोडे' की 'मध्यम', भ्रम 'सौम्य' की 'तीव्र', हे पाहणाऱ्याच्या मतावर अवलंबून. एका डॉक्टरचे थोडे ते दुसऱ्याचे मध्यम. शिवाय बिलिरुबिन तीनच्या वर गेले, की चार असो वा चाळीस, गुण तेच. किरकोळ फरकांनी काही बिघडत नसते तोवर हे चालून गेले. पण यकृत प्रत्यारोपण रुळले, मेंदूमृत व्यक्तीकडून मिळणारी यकृते थोडी आणि मागणारे पुष्कळ अशी स्थिती आली, तेव्हा 'थोडे' आणि 'मध्यम' यांतील अंतर हे जीवन आणि मरण यांतील अंतर ठरू लागले.

त्या काळी अमेरिकेत यकृत कोणाला द्यावयाचे हे दोन गोष्टींवर ठरे : रुग्ण घरी आहे, रुग्णालयात आहे की अतिदक्षता विभागात, आणि तो रांगेत किती दिवस उभा आहे. दोन्ही निकष वरकरणी न्याय्य वाटतात, परंतु दोन्ही फसवे होते. ज्याला चांगला डॉक्टर लवकर भेटला तो लवकर रांगेत उभा राहिला आणि आजार सौम्य असूनही पुढे सरकला. दुसरीकडे, ज्याला अतिदक्षता विभागाची गरज नव्हती त्याला तेथे ठेवून रांगेत पुढे ढकलण्याचा मोह रुग्णालयांना होऊ लागला. शिकागो शहरातील काही रुग्णालयांवर नेमका हाच आरोप झाला आणि २००३ साली सरकारकडे पैसे भरून ती प्रकरणे मिटविण्यात आली. ज्या यंत्रणेत मृत्यूचा अंदाज खाटेच्या जागेवरून बांधला जातो, तेथे खाट हलविणे हाच उपचार ठरतो.

१९९८ साली अमेरिकी सरकारने नियम केला, की अवयवांचे वाटप प्रतीक्षेच्या काळापेक्षा वैद्यकीय निकडीवर व्हावे. पण निकड मोजावयाची कशी? योगायोगाने त्याच सुमारास मेयो क्लिनिकमध्ये एक सूत्र आकाराला येत होते. यकृतातील रक्ताचा दाब उतरविण्यासाठी शिरेतून जाळीची नळी बसविलेल्या २३१ रुग्णांपैकी कोण दगावतो हे शोधण्यासाठी ते तयार झाले, आणि २००० साली प्रसिद्ध झाले. कामथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ते इतर रुग्णांवर पडताळून पाहिले. त्यांत रुग्णालयात दाखल झालेले २८२ रुग्ण होते. बिलिरुबिन, रक्त साकळण्याचे प्रमाण आणि मूत्रपिंडाची स्थिती सांगणारे क्रिएटिनिन हे तीनच आकडे घेऊन सूत्र सहा ते चाळीस यांच्या दरम्यान एक अंक देते. त्याला 'मेल्ड' म्हणतात. रुग्णालयातील दोन रुग्ण घ्यावेत, त्यांतील एक तीन महिन्यांत दगावलेला आणि दुसरा जगलेला. कोणाचा अंक अधिक होता एवढेच पाहून कोण दगावला हे ओळखावे, तर शंभरातील सुमारे सत्त्याऐंशी वेळा उत्तर बरोबर येते. वैद्यकातील भाकितांत इतका नेमकेपणा विरळा.

फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेने हा अंक यकृत वाटपाचा पाया म्हणून स्वीकारला. रांगेत किती दिवस घालविले याऐवजी किती दिवस उरले आहेत हे विचारले जाऊ लागले. त्यात पोटाला हात लावून केलेला अंदाज नव्हता, डॉक्टरांचे वजन नव्हते, खाटेची जागा नव्हती. तेथील प्रतीक्षायादीवरील रुग्णांच्या अभ्यासात आढळलेले आकडे बोलके आहेत. अंक दहाच्या आत असेल तर तीन महिन्यांत शंभरांतील दोघे दगावतात, दहा ते एकोणीस असेल तर सहा, वीस ते एकोणतीस असेल तर वीस, तीस ते एकोणचाळीस असेल तर त्रेपन्न, आणि चाळीस असेल तर एकाहत्तर.

पण अंक निःपक्षपाती असला तरी निर्दोष असतोच असे नाही. क्रिएटिनिन हे स्नायूंतून निघणारे द्रव्य. स्त्रियांच्या शरीरात स्नायू कमी. म्हणून मूत्रपिंड तितकेच बिघडलेले असूनही त्यांचे क्रिएटिनिन कमी भरते, अंक कमी येतो आणि त्या रांगेत मागे राहतात. नवी पद्धत आल्यानंतर यकृत मिळण्यापूर्वीच मरणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा पुरुषांहून मोठा असल्याचे अमेरिकेतील अभ्यासांत दिसून आले. ही चूक सुधारण्यास दोन दशके लागली. २०१६ साली रक्तातील सोडियम सूत्रात आले. २०२१ साली मांडलेले आणि जुलै २०२३ पासून तेथे लागू झालेले तिसरे रूप अल्ब्युमिन विचारात घेते आणि स्त्रियांना १.३३ गुण अधिक देते. स्त्रीच्या देहाला पुरुषाच्या मापाने मोजण्याची ही चूक काही दुष्टाव्याने झाली नव्हती. ती सापडली, कारण सूत्र छापील होते आणि कोणालाही तपासता येत होते. डॉक्टरांच्या मनातल्या मनात झालेली चूक अशी सापडत नाही.

आपल्याकडील वाचकाने येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. स्नायू झडलेल्या, कुपोषित पुरुषाच्या बाबतीतही क्रिएटिनिन हीच फसवणूक करते. प्यू यांनी १९७३ मध्ये काढून टाकलेला पोषणाचा निकष असा मागच्या दाराने परत येतो. हातापायांच्या काड्या झालेला शेतमजूर रुग्णालयात येतो तेव्हा त्याचा अंक वास्तवापेक्षा सौम्य असण्याचा संभव आहे, हे त्याच्या डॉक्टरने ध्यानात ठेवलेच पाहिजे.

अंक खोटाही करता येतो. जर्मनीत २००६ च्या अखेरीपासून हीच पद्धत आहे. तेथे २०१२ साली गॉटिंगेन येथे रुग्णांच्या नोंदींत फेरफार करून त्यांना रांगेत पुढे आणल्याचे उघडकीस आले. या प्रकरणाने लोकांचा विश्वास इतका उडाला, की त्या देशात अवयवदानच घटले. म्हणजे एका रुग्णावर केलेल्या बेकायदा कृपेची किंमत त्यांची नावेही कोणाला ठाऊक नसलेल्या अनेक रुग्णांनी मोजली.

याहून मूलभूत मर्यादा वेगळीच आहे. अंक समूहाविषयी बोलतो, समोरच्या माणसाविषयी नव्हे. शंभरांतील एकाहत्तर दगावतात याचा अर्थ एकोणतीस जगतात. खाटेवरचा रुग्ण कोणत्या गटातील, हे सूत्राला ठाऊक नसते. शिवाय दाखल झाल्या दिवशीचा अंक हा शेवटचा शब्द नव्हे. युरोपातील एकोणतीस रुग्णालयांतील १,३४३ रुग्णांचा मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. सिऱ्हॉसिस असलेल्या माणसाला एखादा जंतुसंसर्ग होतो अथवा त्याची दारू अति होते, आणि मग यकृताबरोबर मूत्रपिंड, मेंदू, फुप्फुसे अशी एकेक इंद्रिये कोलमडू लागतात. या स्थितीच्या पहिल्या पायरीवर अठ्ठावीस दिवसांत शंभरांतील बावीस मरण पावतात, तर तिसऱ्या पायरीवर सत्त्याहत्तर. पण त्याच रुग्णांचा पुढे मागोवा घेतला तेव्हा दिसले, की सुमारे निम्म्यांची स्थिती उपचारांनी सुधारते, आणि तिसऱ्या ते सातव्या दिवशी रुग्ण कोणत्या पायरीवर आहे यावरून भवितव्य पहिल्या दिवसापेक्षा अधिक नीट कळते. आशियातील रुग्णांसाठीही अशी मोजपट्टी २०१७ साली मांडली गेली असून त्या कामाचा मोठा भार दिल्लीच्या यकृत व पित्त विज्ञान संस्थेने उचलला आहे. तेव्हा अंदाज पुन्हापुन्हा बांधावयाचा असतो. पहिल्या दिवशी हात टेकणे जितके चूक, तितकेच दहाव्या दिवशीही पहिल्या दिवसाची आशा विकत राहणे चूक.

अंदाजाने एका जुन्या नीतिनियमालाही उघडे पाडले आहे. दारूने यकृत बिघडले असेल तर सहा महिने दारू सोडून दाखविल्याशिवाय प्रत्यारोपण करू नये, असा दंडक जगभर होता आणि पुष्कळ ठिकाणी अजून आहे. ऐकावयास तो रास्त वाटतो. पण दारूमुळे यकृताचा तीव्र दाह होऊन औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांत बहुतेक मृत्यू पहिल्या दोन महिन्यांतच होतात. ज्याचे दोन महिने उरले आहेत त्याला सहा महिन्यांनी या असे सांगणे हा वैद्यकीय सल्ला नसून शिक्षा आहे. औषध लागू पडते की नाही हे सातव्या दिवशीच सांगणारे सूत्र फ्रान्समधील लील येथे २००७ साली तयार झाले. त्याच्या आधाराने फ्रान्स व बेल्जियममधील डॉक्टरांनी निवडक सव्वीस रुग्णांवर सहा महिने न थांबता प्रत्यारोपण केले. सहा महिन्यांनी त्यांतील ७७ टक्के हयात होते; प्रत्यारोपण न झालेल्या तशाच रुग्णांत हे प्रमाण २३ टक्के होते. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. दारुड्याला यकृत द्यावे की नाही यावर वाद जरूर व्हावा; परंतु तो मृत्यूचा आकडा समोर ठेवून व्हावा.

भारतात चित्र वेगळे आहे. १९९४ च्या कायद्याने मेंदूमृत व्यक्तीचे अवयव घेण्याची वाट मोकळी केली. पण असे दाते आजही दहा लाख लोकसंख्येमागे एकाहून कमी मिळतात. त्यामुळे येथील बहुतेक यकृते जिवंत नातेवाइकांकडून येतात, आणि अवयव देणाऱ्या जिवंत दात्यांत बहुसंख्य स्त्रिया असतात. रांगच नसल्याने अंकाचे येथे काम नाही, असे कोणी म्हणेल. वास्तविक त्याचे काम येथे अधिक नाजूक आहे. यकृताचा उजवा मोठा भाग देणाऱ्या निरोगी दात्याला जिवाचा धोका हजारी दोन ते पाच इतका सांगितला जातो. नवऱ्यासाठी पत्नी किंवा बापासाठी मुलगी शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाणार असेल, तर नवऱ्याचा अथवा बापाचा अंक किती आणि शस्त्रक्रियेशिवाय तो किती जगेल हे तिला कळले पाहिजे. अंक पंधराच्या आत असताना थांबून पाहण्यास वाव असू शकतो. पस्तीस असताना दिवस मोजावे लागतात आणि रुग्ण शस्त्रक्रियेतून उठेल की नाही हाही प्रश्न असतो. हा हिशेब न सांगता घेतलेली सही ही संमती नव्हे.

ज्यांना प्रत्यारोपण परवडत नाही किंवा ज्यांना दाता नाही, असे रुग्ण तर संख्येने कितीतरी अधिक. त्यांच्या घरची मंडळी दागिने मोडतात, शेतीचा तुकडा गहाण टाकतात, मुलाचे शिक्षण थांबवितात, आणि रोज बिलाच्या कागदावर पैसे भरत राहतात. तीन महिन्यांत शंभरांतील सत्तर दगावतात हे कळले असते तर सर्वांनीच हात आखडला असता असे नाही. काहींनी तरीही जमीन गहाण टाकलीच असती, आणि तो त्यांचा अधिकार आहे. काहींनी मात्र रुग्णाला घरी नेले असते, पोटातील पाणी वेळच्या वेळी काढून त्याला श्वास सुखाने घेता येईल एवढेच मागितले असते, राहिलेल्या भावाला बोलावून घेतले असते. हा निर्णय त्यांचा होता. तो त्यांच्याऐवजी कोणी, कशासाठी घेतला?

सांगितल्याने रुग्णाचा धीर खचतो, हा नेहमीचा आक्षेप. त्यात तथ्य नाही असे नाही. भ्रमिष्ट अवस्थेतील रुग्णापुढे टक्केवारी वाचणे क्रूरपणाच होईल. पण धीर खचेल म्हणून रुग्णाला वगळावयाचे, भांडण होईल म्हणून नातेवाइकांना वगळावयाचे, आणि मग अचानक मृत्यू झाला असे सांगून अतिदक्षता विभागाच्या दारात दगड खावयाचे, हा क्रम डॉक्टरांच्याही हिताचा नाही. मारहाणीचे समर्थन कोणी करू नये. परंतु आठवडाभर आशेवर ठेवलेल्या माणसांना एकाएकी मृत्यू ऐकविला जातो तेव्हा त्यांना ती फसवणूक वाटते, हेही खरे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली आपल्या अखेरच्या उपचारांविषयी आधी लिहून ठेवण्याचा माणसाचा हक्क मान्य केला आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. ज्याला आपला काळ किती हेच कोणी सांगत नाही, तो हा हक्क केव्हा बजावणार?

दुसरा आक्षेप असा, की अंक ही नियती बनते; डॉक्टर अंक पाहून प्रयत्न सोडतात. हा धोका खरा आहे. त्यावरचा उतारा महाराष्ट्रातच सापडतो. भारतीय बालकांतील सिऱ्हॉसिस हा एके काळी जवळजवळ निश्चित मृत्यूचा आजार होता. दोन-तीन वर्षांचे मूल, पोट मोठे, आणि काही महिन्यांत शेवट. १९७० आणि १९८० च्या दशकांत पुण्यातील बालरोगतज्ज्ञ आणि ब्रिटिश संशोधक यांनी त्या मुलांच्या यकृतातील तांब्याचा माग काढत तो बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापविलेल्या व ठेवलेल्या दुधापर्यंत नेला. तांबे शरीराबाहेर काढणारे पेनिसिलामाइन वेळीच दिलेली काही मुले वाचली. भांडी बदलली आणि हा आजार जवळजवळ नाहीसाच झाला. त्या वेळी एखादे सूत्र कोणी बनविले असते तर ते अचूक ठरले असते, आणि वीस वर्षांत निरुपयोगी झाले असते. 'क' विषाणूवरील गोळ्या गेल्या दशकात आल्या, तेव्हाही जुने आकडे असेच शिळे झाले. अंदाज त्या काळच्या उपचारांचा आरसा असतो. त्यात दिसणारे तोंड बदलता येते.

तेव्हा मागणी मोठी नाही. सिऱ्हॉसिसचा रुग्ण दाखल झाला, की त्याच दिवशी अंक काढावा. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी तो पुन्हा काढावा. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला काय आणि किती ऐकावयाचे आहे हे आधी विचारावे. नसेल तर घरातील कर्त्या माणसांना, आणि त्यांत घरातील बाईलाही, एकत्र बसवून मराठीत सांगावे : अशा शंभर माणसांपैकी इतकी जगतात, आम्ही हे करणार आहोत, आणि चार दिवसांनी पुन्हा बोलू. याला दहा मिनिटे लागतात. वैद्यकीय महाविद्यालयात सूत्र पाठ करून घेतात, तसे हे दहा मिनिटांचे बोलणेही निवासी डॉक्टरकडून करवून घ्यावे आणि वरिष्ठाने ते शेजारी बसून ऐकावे. केसपेपरवर नाडी आणि रक्तदाब यांच्या रकान्यांशेजारी आणखी एक रकाना हवा : अंक किती, आणि तो कोणत्या तारखेला कोणाला सांगितला.